घट

रात्रपाळीत, धर्मकाट्याच्या केबिनमध्ये
मी एक आकाशगंगा चालवतो.
संगणक जिनिंगचाच, जुना.
दिवसा त्यातून पावत्या निघतात,
रात्री दोननंतर, गाड्या थांबल्या की,
सत्तावीस ग्रह.

खेळ सुगतनं टाकून दिला, बहिणीच्या पोरानं.
"मामा, झोप नाही येत मंग तुमाले," म्हणाला.
नाहीच आली.

पहिल्या रात्री एका ग्रहावर खाण लावली,
दुसऱ्यावर कारखाना.
मधे चार ताऱ्यांचं अंतर,
तरी खाणीतलं लोखंड कारखान्यात हजर.
ट्रक नाही, बिल्टी नाही,
वडनेर फाट्यावर चहाला थांबलेला ड्रायव्हर नाही.
वरच्या पट्टीत एक आकडा वाढला, बस.
पाच फेऱ्यांत युद्धनौका तयार.

मी सुगतला फोन लावला : याची सरकी कुठं जाते?
"कायची सरकी?"

आता त्याला काय सांगू.
शंभर किलो कापूस आत जातो
तेव्हा चौतीस किलो रुई निघते, चौसष्ट किलो सरकी,
आणि उरलेले दोन किलो कुठं गेले
ते देवकाबाईच्या भुवयांना विचारावं,
पत्र्यावरच्या कबुतरांना,
रशीद मिस्त्रीच्या खोकल्याला.
आम्ही त्याला घट म्हणतो.
ज्या वहीत घट नाही ती वही खोटी,
असं जुने दिवाणजी सांगायचे,
आणि स्वतः जरा जास्तच लिहायचे.

खेळात चार अब्ज लोक आहेत.
समाधान : एकाहत्तर टक्के.
एकानंही उचल मागितली नाही,
एकीचंही पोर गंजीच्या सावलीत झोपलेलं नाही.
कापसात खडा येत नाही तिथं,
पात्याला लागून ठिणगी उडत नाही,
म्हणून वाळूच्या लाल बादल्याही नाहीत.
आमचा सात नंबरचा जिन
मागच्या माघात अडला तो अकरा दिवस.
बेअरिंग येणार होतं राजकोटहून,
ते आलं, पण आठ नंबरचं.
माझ्या कारखान्याला वीसशे वर्षं झाली,
अजून ग्रीससुद्धा मागितलं नाही त्यानं.

म्हणून मी एक वही घातली.
रद्द पावत्यांची पाठकोरी.
प्रत्येक नौकेमागे दोन टक्के घट,
लांबच्या ताऱ्याहून माल आला तर चार फेऱ्या थांबायचं,
नवव्या फेरीला एक कारखाना बंद, कारण मिस्त्री लग्नाला गेला.
दिवाळीत सगळे ग्रह बंद.
संगणकाला यातलं काही माहीत नाही.
तो भराभर नौका काढतो आणि मला मारतो.
सहा ग्रह उरले आहेत माझे,
पण हिशेब जुळतो.

सुगतला वही दाखवली. त्यानं उलटसुलट पाहिली.
"मामा, हे सगळं टाकलं तं खेळन कोन?"
बरोबर आहे त्याचं.
मीही दिवसभर हेच करून
रात्री परत हेच का करतो,
याचं उत्तर मला देता आलं नाही.
मी फक्त वही परत मागितली.

साडेतीनला हॉर्न वाजतो.
समुद्रपूरकडची गाडी, ताडपत्रीवर दव.
मी आकाशगंगा खाली दाबून ठेवतो,
बाहेर जाऊन कापसात कोपरापर्यंत हात घालतो.
वरून कोरडा, आत गार.
काट्यावर गाडी चढते आणि आकडा उठतो,
नऊ हजार तीनशे, नऊ हजार चारशे दहा,
मागे, पुढे,
ड्रायव्हर खाली उतरला म्हणून साठ-सत्तर कमी,
थरथरत राहतो.

"लिहा ना भाऊ," ड्रायव्हर म्हणतो.
थांब जरा, म्हणतो मी,
बसू दे त्याला.